संथ गाणं, तीन कॉर्ड्स आणि एक संध्याकाळ

"गिटार नवीन घेतलीय? मग संथ कंट्री-रॉक गाण्यापासून सुरुवात करा. जी, सी, डी एवढ्या तीन कॉर्ड्स (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर), एकच स्ट्रमिंग, म्हणजे तारांवर हात खाली-वर फिरवायची एकच पद्धत. लय हळू असल्यामुळे चुका झाकल्या जातात. कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, मात्र लावू नका, ती पळवाट आहे. एका संध्याकाळी गाणं बसतं." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. तो खरा मानणारे नवशिके आठवडाभर झगडतात, आपल्या हातात संगीतच नाही असं ठरवतात आणि गिटार कोपऱ्यात ठेवून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

तीन कॉर्ड्सचं म्हणणं बऱ्याच गाण्यांपुरतं खरं आहे. त्यावर वाद नाही.

चुका झाकल्या जातात हे मात्र साफ चूक. मिनिटाला १२० ठोके असले तर एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत अर्धा सेकंद जातो, ६० असले तर पूर्ण सेकंद. तेवढा वेळ कॉर्ड घुमत राहायला हवी. एखादं बोट शेजारच्या तारेला नुसतं टेकलं तरी ती तार मुकी होते, आणि ते ऐकायला समोरच्याला भरपूर वेळ मिळतो. जलद गाण्यात पुढचा स्ट्रोक ती चूक गिळून टाकतो. शिवाय त्या रिकाम्या जागेत हाताला धीर धरवत नाही. मी स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा कळलं, की प्रत्येक ध्रुवपदाला मी पुढे पळत होतो. विलंबित लय सांभाळणं किती अवघड, हे गाणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. उपाय आहे: मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र, आधी १२० वर ठेवा आणि दोन ठोक्यांची एक मात्रा धरा. मग ६०. तेही जमलं की ३० वर आणा आणि तो ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतोय असं मोजा, म्हणजे ड्रमच्या संचातला स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम वाजतो तिथे. मधली जागा आता तुमची तुम्हालाच भरायची आहे.

"एकच स्ट्रमिंग" या सल्ल्यानं तर गाण्याचा प्राणच जातो. या शैलीत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बहुधा एकटी खर्जाची तार वाजते, दुसऱ्या-चौथ्यावर बाकीच्या तारा. जीला सहावी तार, सीला पाचवी, डीला चौथी (पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड). जीवरून सीवर जाताना शेवटच्या दोन मात्रांत पाचवी तार आधी मोकळी, मग दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) वाजवा. पुढच्या पहिल्या मात्रेला तिसऱ्या फ्रेटवर सी येतो. एवढ्या दोन सुरांनी गाणं चालायला लागतं. सगळ्या सहा तारा सतत खाली-वर घासल्या तर ही चाल ऐकूच येत नाही.

कापो पळवाट नाही. दुसऱ्या फ्रेटवर लावला की जीच्या आकारातून ए मिळतो आणि मोकळ्या तारांचा घुमारा टिकतो. गळ्याला सोयीची पट्टी घ्या.

मधल्या सोलोबद्दल, म्हणजे एकटी गिटार वाजते त्या तुकड्याबद्दल, हा सल्ला काहीच बोलत नाही, आणि नवशिके अडतात ते तिथेच. तो रडवा, घसरत वर चढणारा सूर पेडल स्टीलकडून, म्हणजे आडवी ठेवून वाजवायच्या पेडलवाल्या गिटारकडून आलाय. त्या वाद्यात पायानं पेडल दाबलं की ठरावीक तारांचा सूर चढतो, बाकीच्या जागेवर राहतात. गिटारवर हे बोटांनी करायचं: दहाव्या फ्रेटवर दुसरी तार पूर्ण स्वरानं ताणायची, ए पासून बी पर्यंत, आणि त्याच फ्रेटवर करंगळीनं धरलेली पहिली तार तसूभरही हलू द्यायची नाही. हे इतकं कठीण, की १९६० च्या दशकात क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स या अमेरिकन वादकांनी गिटारची मान खाली दाबली की खांद्यावरचा पट्टा ओढला जाऊन दुसरी तार चढेल अशी यंत्रणाच गिटारमध्ये बसवली. तेव्हा अकूस्टिकच्या जाड तारांवर पहिल्याच दिवशी हे जमलं नाही, तर दोष तुमचा नाही.

उरली ती एक संध्याकाळ. तिच्यात फक्त जी ते सी करा, खर्जाच्या त्या दोन सुरांसकट, ६० च्या लयीत, एकही तार मुकी न होता. डी उद्या.