खुलासा: संगणकाने देव सिद्ध केलेला नाही

‘शास्त्रज्ञांनी संगणकावर देवाचं अस्तित्व सिद्ध केलं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. २०१३ साली बेन्झम्युलर आणि वोल्ट्झेनलोगेल पालेओ या संगणकशास्त्रज्ञांनी संगणकावर तपासली ती तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलच्या देवाच्या अस्तित्वाविषयीच्या १९७०च्या सिद्धतेची, डेना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाने सुधारलेली आवृत्ती. त्यांचा निबंध इंटरनेटवर खुला आहे, वाचून बघा. गृहीतकं मान्य केली तर निष्कर्ष निघतो का, एवढंच संगणकाने पाहिलं. निघतो. पण ‘अनिवार्य अस्तित्व (म्हणजे नसणं शक्यच नाही असं असणं) हा सकारात्मक गुण आहे’ हे त्यातलं गृहीतक मुळात का मानायचं? खरा वाद तिथेच आहे, आणि त्यावर संगणक गप्प. गंमत म्हणजे पुढे संगणकालाच गोडेलची मूळ मांडणी विसंगत, म्हणजे स्वतःशीच विरोधी, आढळली. टिकली ती स्कॉटची सुधारित आवृत्ती. तिच्यातूनही ‘जे घडतं ते सगळं अटळच’ असा अडचणीचा निष्कर्ष निघतो. श्रद्धा असो वा नसो, तो मेसेज कृपया फॉरवर्ड करू नका. केला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.