व्हिनेगरने क्षार जातात, मेणचटपणा जात नाही

दिवाळीची साफसफाई जवळ आली की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: पांढरं व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, किटली, चिमणी, बर्नर, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, ओटा, सगळं चकाचक, जंतूही मरतात, आणि हे शंभर टक्के नैसर्गिक. यातली किटली सोडली तर बाकीची यादी कुठे ना कुठे लंगडते.

किटलीचं आधी सांगतो, कारण ते खरं आहे. इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला बसणारा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी उकळत राहिलं की तो साचतो. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल त्याच्यावर चालतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि उरलेलं कॅल्शियम ॲसिटेट पाण्याबरोबर निघून जातं. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून गरम करा, अर्धा तास ठेवा, ओतून द्या आणि मग साधं पाणी दोनदा उकळून फेका. आपल्याकडच्या बाटलीत साधारण ४ टक्के आम्ल असतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम, आणि तेवढ्यात फार तर सव्वातीन ग्रॅम थर विरघळतो. जाड थर एका फेरीत गेला नाही तर व्हिनेगर भेसळीचं आहे असं समजू नये. वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व हेच काम वासाशिवाय करतं. फक्त ते खळखळ उकळू नका, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि जुन्या थराच्या जागी नवा बसू शकतो.

ॲल्युमिनियमच्या कुकरचा आतला काळपटपणाही आंबटाने जातो. तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचं बुटूक टाकण्याची रीत त्यासाठीच आहे. त्याकरिता व्हिनेगरची बाटली वेगळी विकत आणायला नको, आणि आणलीच तर ते रात्रभर कुकरमध्ये भरून ठेवू नये. पाच-दहा मिनिटं उकळलं की पुरे.

आता सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला. यात दोन्ही जिन्नस वाया जातात. एक आम्ल, दुसरा अल्कली. एकत्र आले की एकमेकांना संपवतात. वरच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरला निकामी करायला साडेपाच ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो, म्हणजे चहाचा एक भरलेला चमचा. फेस ओसरल्यावर भांड्यात राहतं ते सोडियम ॲसिटेटचं मचूळ पाणी. व्हिडिओत फेस छान दिसतो, म्हणून हा सल्ला मरत नाही. सिंकच्या तोंडाशी अडकलेला सैल कचरा त्या फेसाने हलेलही, पण तेवढ्यासाठी गरम पाण्याची किटली ओतणं जास्त कामाचं. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी सोड्याने घासा, धुऊन टाका, मग व्हिनेगर.

चिमणीचा दावा तर सरळ चुकीचा आहे. फोडणीचा वाफारा जाळीवर बसतो, त्यात धूळ मिसळते, उष्णतेने ते तेल घट्ट होत जातं आणि मेणचट, पिवळट लेप तयार होतो. तेल आम्लाला दाद देत नाही. त्याला साबण लागतो, नाहीतर अल्कली. चुलीच्या काळात तेलकट भांडी राखेने घासत आणि पितळेला चिंच लावत, कारण राख अल्कलीचं काम करते आणि चिंच आम्लाचं. ही कामं वेगळी आहेत हे तेव्हा मोरीवर बसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. स्टीलची जाळी असेल तर कडकडीत पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण आणि धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र धुण्याचा सोडा वगळा, तो ॲल्युमिनियम काळवंडवतो.

बर्नर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, असंही त्या संदेशात असतं. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर आमटी कळकते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना इथे वेगळं सांगायला नको. आंबट पदार्थ पितळेतलं तांबं आणि जस्त सोडवून घेतो. दहा-पंधरा मिनिटांत बर्नर उजळतो ते यामुळेच. रात्रभर ठेवला तर जस्त जास्त निघून जातं आणि पितळ गुलाबी दिसू लागतं. खालचा भाग बिडाचा असेल तर सकाळी गंज तयार. भोकं पिनेने मोकळी करा, साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडा करूनच बसवा.

ओट्याबद्दल मला सर्वांत जास्त चीड येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या घरांत ओटा कडप्प्याचा आणि खाली शहाबादी फरशी असते. दोन्ही चुनखडक आहेत, म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच. किटलीतला थर ज्या अभिक्रियेने विरघळतो त्याच अभिक्रियेने ओट्याची चकाकी विरघळते, आणि ती पुसून परत येत नाही. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइट बराच तग धरतो, पण सांध्यांतलं सिमेंट नाही.

डिशवॉशरच्या तळाशी वाटीभर व्हिनेगर ठेवलं तर तीन-चार लिटर पाण्यात मिसळून त्यात जेमतेम पाव टक्का आम्ल उरतं, आणि डिटर्जंट अल्कलीयुक्त असल्याने तेही मारलं जातं. मिठाच्या कप्प्याला व्हिनेगर पर्याय नाही. ते मीठ पाणी मृदू करणारी यंत्रणा पुन्हा तयार करतं. मायक्रोवेव्हमध्ये काम वाफ करते, नुसत्या पाण्याची वाटीही चालते. वाटीत लाकडी चमचा मात्र ठेवा, नाहीतर तापलेलं पाणी एकदम उसळू शकतं.

जंतूंच्या बाबतीत दावा अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त फसवा. क्षयरोगाचे जंतू ॲसेटिक आम्लाने मरतात असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, पण तिथे ६ टक्क्यांचं द्रावण आणि ३० मिनिटांचा संपर्क होता. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरचा फडका फिरवून दोन मिनिटांत ओटा कोरडा केला तर त्या निष्कर्षाचा आधार घेता येत नाही. कच्चं चिकन चिरलेल्या फळीसाठी साबण आणि गरम पाणीच बरं.

‘नैसर्गिक’ या शब्दासाठी बाटली फिरवून मागे वाचा. स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरवर बहुतेकदा सिंथेटिक असं छापलेलं असतं, कारण ते ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून बनवलेलं असतं. त्याने क्षार निघायला काही अडत नाही, फक्त निसर्गाचं नाव घेऊ नये.

आणि एक गोष्ट त्या संदेशात कधीच नसते. ब्लीच किंवा ब्लीच असलेला कुठलाही क्लीनर व्हिनेगरमध्ये मिसळला की क्लोरीन वायू सुटतो. सिंकमध्ये आधी ब्लीच ओतलं असेल तर त्या दिवशी तिथे व्हिनेगर नको. चुकून मिसळलंच आणि नाकाडोळ्यांत झोंबायला लागलं तर ते धूत बसू नका. घरातल्यांना घेऊन लगेच मोकळ्या हवेत या, वाटेत खिडकी उघडता आली तर उघडा, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर सरळ डॉक्टरांकडे जा.