फाटकाला हॉर्न

आज दुपारी रेल्वे फाटकाशी डोकं फिरलं माझं. पारा ४४ वर, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, स्कूटीचं सीट म्हणजे तवा. फाटक बंद. आणि मागच्या पांढऱ्या गाडीतले गृहस्थ हॉर्न वाजवताहेत. कुणाला? फाटकाला! पुढे लोखंडी दांडा, त्याच्यापुढे सुरतेकडे निघालेली मालगाडी, आणि यांचं आपलं पीं पीं पीं. मी वळून पाहिलं तर मलाच हाताने 'चला, चला'. कुठे चला? वाघिणीवर चढू?

अहो, एकदा सिग्नल दिला की गेटमनने मनात आणलं तरी गाडी जाईपर्यंत फाटक उघडत नाही. त्याची किल्ली सिग्नललाच अडकलेली असते. तुमच्या हॉर्नला ती घाबरेल होय?

बरं, हे एकटेच नाहीत. फाटक लागलं की पाच मिनिटांत आपण अख्खा रस्ता भरून टाकतो. डावी बाजू संपली की उजवी, मग मातीची कड, मग रसवंतीवाल्याची खुर्ची सरकवून तिथे. पलीकडच्यांनीही तेच केलेलं असतं. दांडा वर गेला की दोन सैन्यं समोरासमोर, मध्ये रूळ, आणि दोन्हीकडून एकच वाक्य: "तुम्ही मागे घ्या ना!" रोज. तीच माणसं, तेच फाटक.

असं काही पाहिलं की मला आमचे आप्पा आठवतात. फोनचं त्यांचं स्वतःचं गणित होतं. गाव जितकं लांब, तितका आवाज मोठा. धुळ्याला बोलणं घरातल्या घरात, नाशिकचं अंगणापर्यंत. भाऊ पुण्याला शिकायला गेला तेव्हा रात्री ११ नंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून आम्ही बूथवर रांगेत. आप्पा काचेच्या केबिनमध्ये शिरायचे, दार दोनदा ओढून बघायचे, लाल आकड्यांवर नजर रोखायचे आणि ओरडायचे. भावाचा कुठला विषय राहिला हे आख्ख्या रांगेला त्याच रात्री कळलं. वर आप्पांचं म्हणणं, "दार तर लावलं होतं मी."

ट्रंक कॉलच्या जमान्यात ओरडल्याशिवाय ऐकूच जायचं नाही, हे मान्य. सवय जात नाही माणसाची.

पण रिमोटचं काय? सेल संपले की आपण बटण जास्त जोरात दाबतो, हात टीव्हीच्या अजून जवळ नेतो, शेवटी दोन थपडा. सेल जागेवर फिरवला की थोडा वेळ चालतो, कबूल, टोकांवरचा मळ निघतो. थपडांनी काय होतं?

आणि आता सांगूनच टाकते. मागच्या आठवड्यात मी मोबाइलचा टॉर्च लावून पलंगाखाली मोबाइल शोधत होते. चांगली पाच मिनिटं. वर पोरीला म्हटलं, "जरा रिंग दे गं."

तरी त्या हॉर्नवाल्यांना माफी नाही. निदान आज तरी नाही.

पुढे भाऊ दुबईला गेला, आणि आप्पांचा आवाज तीन घरं ओलांडून चक्कीपर्यंत जायला लागला. प्रश्न मात्र दर वेळी एकच, "तठे पानी पडना का रे?" वाळवंटात! आम्ही हसून लोळायचो. भाऊ बिचारा दर वेळी शांतपणे सांगायचा, "नही आप्पा, नही पडना."

१६ एप्रिल २०२४ ला दुबईत खरोखर इतका पाऊस झाला की विमानतळावर पाणी साचलं, विमानं अडकली. भावाचा फोन आला. रस्त्याची नदी झालीय म्हणाला. मग जरा वेळ दोघंही गप्प. विचारणारा माणूस जाऊन वर्ष झालं होतं.

आता फोनवर माय असते. व्हिडिओ कॉल आला की ती फोन कानाला लावते. शंभरदा सांगून झालं. भावाला पंधरा मिनिटं नुसता तिचा कान दिसतो, आणि तोही आता काही बोलत नाही, कानाशीच गप्पा मारतो. परवा मध्येच म्हणाला, "माय, डाव्या कानातलं कुठे गेलं?"

मायने फोन कानाला आणखी दाबून धरला आणि विचारलं, "तुले कसं समजनं?"