पेनमधलं उरलेलं इन्सुलिन सिरिंजने ओढू नका

इन्सुलिन टोचायच्या पेनचा खर्च वाचवायच्या युक्त्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात: कार्ट्रिजच्या, म्हणजे पेनमधल्या औषधाच्या नळीच्या, तळाशी उरलेलं औषध सिरिंजने ओढून घ्या, दर वेळी दोन युनिट हवेत उडवू नका, सुई महिनाभर चालवा, पेन कायम फ्रिजमध्ये ठेवा आणि घरात दोघांना तेच इन्सुलिन असेल तर एक पेन पुरे. महिन्याचं बिल पाहिलं की असे मेसेज का पसरतात ते कळतं. पण यातली एक युक्ती जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तीच.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि लाल टोपणाची सिरिंज त्यांच्यासाठीच आखलेली असते. पेनची नेहमीची ३ मिलिलिटरची कार्ट्रिज मात्र मिलिलिटरला १०० युनिटची, म्हणजे एकूण ३०० युनिट. आता त्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं तर येतं अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. अडीचपट डोस! रात्री झोपेत रक्तातली साखर उतरली तर घरच्यांना कळणारही नाही. चार-सहा युनिट वाचवायला एवढा जुगार कशाला? उरलेलं पुरत नसेल तर सरळ नवी कार्ट्रिज घाला. ती आपल्या पेनसाठीच असलेल्या कंपनीची हवी. दुसरी ‘बसवून’ पाहू नये.

दोन युनिट हवेत उडवणं हीदेखील नासाडी नव्हे. सुई वर धरून दोन युनिट सोडायचे. टोकाशी थेंब दिसला म्हणजे सुई मोकळी आहे, हवा निघाली आहे. थेंब नाही, तर पुन्हा. नाहीतर पेनवर आकडा वीसचा फिरवला तरी अंगात किती गेलं ते सांगता येत नाही. टोचल्यावर बटण दाबून धरून दहापर्यंत मोजा. दुधाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन असेल तर त्याआधी पेन तळहातांत दहा वेळा घोळवा, दहा वेळा खाली-वर करा. खळाखळा हलवू नका, फेस होतो.

सुईचा मुद्दा पैशाचा आहे, हे मान्य. तरी सुई बनते ती एकदाच वापरण्यासाठी. पुन्हा वापरली की टोक बोथट होतं, दुखतं, आणि त्याच जागी टोचत राहिलं की त्वचेखाली गाठी धरतात. गाठीतून इन्सुलिन कधी लवकर, कधी उशिरा शोषलं जातं. मग साखर वर-खाली होते आणि दोष जेवणाला दिला जातो. जागा बदलत राहा. इंजेक्शन झालं की सुई काढाच. तशीच ठेवली तर औषध गळतं, हवा आत शिरते.

फ्रिजचा सल्ला अर्धा बरोबर आहे. न उघडलेल्या कार्ट्रिज २ ते ८ अंशांतच ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं. वापरातलं पेन मात्र बाहेर, ३० अंशांखाली. बहुतेक इन्सुलिन उघडल्यापासून २८ दिवस चालतात, नेमकी मुदत खोक्यावरच्या कागदात पाहा. विदर्भातल्या मे महिन्यात ३० अंश कुठून आणायचे, असं विचाराल तर पेन कोरड्या पिशवीत गुंडाळून ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येतं.

राहिला एका पेनचा सल्ला. नवरा-बायको असले तरी नाही, सुई बदलली तरी नाही. टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश कार्ट्रिजमध्ये उलटा शिरू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही याच वाटेने पसरू शकतात. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१५ मध्ये अशा पेनवर ‘फक्त एकाच रुग्णासाठी’ असा इशारा छापणं सक्तीचं केलं. दोघांची पेनं सारखीच दिसत असतील तर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या. ओल्या-सुक्यात टाकलेली सुई कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.