रोमिंग नसलं तरी जीपीएस चालतो

सध्या ग्रुपवर फिरतंय की आइसलँडला गाडी भाड्याने घेतली आणि रोमिंग नसेल तर जीपीएस बंद पडतो. असं अजिबात नाहीये. जीपीएस सिग्नल थेट सॅटेलाइटवरून येतो, त्याला नेट लागत नाही, नेट लागतं ते नकाशा लोड करायला, म्हणून हॉटेलच्या वायफायवर गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा, मग आइसलँडला फेरी मारणारा सुमारे १३०० किमीचा रिंग रोडही त्याच्यावर होतो. फक्त लाइव्ह ट्रॅफिक दिसणार नाही. खरी काळजी वेगळीच आहे, ज्यांचा नंबर 'एफ'ने सुरू होतो ते डोंगरी रस्ते फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) गाड्यांसाठी आहेत आणि हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे निघायच्या आधी तिथल्या रस्ते खात्याच्या साइटवर रस्ता उघडाय का ते प्लीज बघाच.