रस्ता ट्रामने अडवला नव्हता

आज दुपारी डबे उघडले आणि ऑफिसातल्या एका मुलाने कोलकात्याचा विषय काढला. डिसेंबरात चाललाय, बायकोला घेऊन. मी खुलले. म्हटलं, एक अख्खा दिवस उत्तर कोलकात्याला दे, श्यामबाजारहून पाच नंबरची ट्राम पकड, वाटेल तिथे उतर, चाल, पुन्हा पुढची पकड. तर म्हणे, "मॅडम, ती बंदच करतायत ना? बरं होईल, नुसती रस्ता अडवते." आणि टेबलावरचे सगळे माना डोलावायला लागले. घरी येऊन चहा झाला तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

रस्ता कोण अडवतं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं असेच निघालो होतो. सकाळी कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, सरस्वतीपूजेची घाई चाललेली. पेंढा सुतळीने आवळून केलेले सांगाडे ओळीने उभे, काहींवर चिखलाचा पहिला हात फिरलेला, मुंडकी वेगळी उन्हात वाळत ठेवलेली. तिथून चालत श्यामबाजार आणि ट्राम. हातीबागानला एक आजी चढल्या, हातात भाजीची पिशवी. कंडक्टर खाली उतरला, पिशवी घेतली, "आस्ते माशिमा (मावशी), आस्ते" म्हणत त्यांना वर घेतलं, त्या बाकावर टेकल्यावर मगच दोरी ओढून घंटा दिली. कोणीही "चला लवकर" म्हणालं नाही. मला तिथेच भरून आलं.

पुढे दोन मिनिटांवर ट्राम थांबली. एक चकचकीत गाडी अर्धी रुळावर लावून मालक गायब! ड्रायव्हर टाचेने पायाखालची घंटा वाजवतोय, वाजवतोय. मागे टॅक्स्या, बस, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. आणि शिव्या कोणाला? ट्रामला. बऱ्याच वेळाने साहेब मिठाईचा पुडा घेऊन दुकानातून बाहेर आले, कोणाकडे न बघता गाडीत बसले आणि गेले. एका माणसाच्या पुड्यासाठी डबाभर माणसं ताटकळली, आणि अडथळा कोण, तर ट्राम!

सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केलं की मैदान नावाच्या मोठ्या मोकळ्या हिरवळीपासून मध्यवर्ती एस्प्लनेडपर्यंतचा एवढा एक तुकडा वारसा म्हणून ठेवू, बाकी ट्राम बंद. कारण काय, तर वाहतूक कोंडी. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली, १९०२ पासून विजेवर धावणारी गोष्ट, आणि तिचा तुकडा पर्यटकांना फोटो काढायला ठेवणार. त्या माशिमांना मैदानात फेरफटका मारायचा नाहीये हो, त्यांना बाजारातून घरी जायचंय. प्रकरण उच्च न्यायालयात आहे, पण कोर्टात तारखा पडत असताना रस्त्यावर रुळांवर डांबर पडतंच.

हो, मान्य आहे, कोलकात्यात रस्त्यांना जागाच जेमतेम सहा टक्के आहे आणि ट्राम बाजूला होऊ शकत नाही. पण जागा कमी आहे म्हणून पन्नास माणसांचा डबा काढायचा आणि एकेका माणसाची गाडी ठेवायची, हा कुठला हिशेब? मेलबर्नमध्ये आजही अडीचशे किलोमीटर ट्राम आहे आणि शहराच्या मध्यभागात तिकीटसुद्धा नाही. ती माणसं काय रिकामटेकडी आहेत?

आणि आपण मुंबईकरांनी तर बोलूच नये. आपल्याकडे १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, १९०७ ला विजेची, १९२० ला दुमजली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आई तेव्हा शाळेत होती. आजोबा तिला खांद्यावर घेऊन परळला रस्त्यात उभे होते, तुडुंब गर्दी होती, एवढं तिला आठवतं. रूळ काढून काय मिळवलं आपण? कोंडी गेली? दादरला आत्ता जाऊन उभे राहा आणि सांगा मला. आता किनारी रस्ता झालाय, त्यावर स्कूटरलासुद्धा बंदी. ज्याच्याकडे मोटार आहे त्याचं शहर.

मेट्रो हवीच. मी रोज मेट्रोने जाते, सुखाने जाते. पण आई गुडघे धरून त्या जिन्यांकडे बघते आणि म्हणते, तू जा. तिला हात देऊन "आस्ते" म्हणणारं कोणी नाही तिथे. लिफ्ट असते, कुठल्या टोकाला असते ते शोधेपर्यंत बाई थकते.

चिडून लिहायला बसले होते, पण तो दिवस आठवला की राग टिकत नाही. गाडी हलल्यावर ट्राम बिधान सरणीवरून निवांत निघाली. हेदुआचा तलाव, बेथून कॉलेज, ठनठनियाचं कालीमंदिर, सगळं खिडकीच्या उंचीवर, माणूस ओळखू येईल इतक्या वेगाने. ठनठनियाच्या आसपास माशिमा उतरल्या, पुन्हा तोच हात, तीच पिशवी. आम्ही कॉलेज स्ट्रीटला उतरलो. पुस्तकांच्या टपऱ्यांपुढून तासभर रेंगाळलो, ह्यांनी न वाचता येणारं एक बंगाली पुस्तक केवळ चित्रांसाठी घेतलं, कॉलेज स्क्वेअरला डाब शरबत, म्हणजे शहाळ्याचं सरबत, प्यायलो, कॉफी हाऊसमध्ये कोणी उठवलं नाही म्हणून बसून राहिलो. मग पुढची ट्राम, लेनिन सरणीवरून थेट एस्प्लनेड. दिवसभराचं भाडं दोघांचं मिळून एका वडापावच्या आसपास.

त्या मुलाला रात्री मेसेज टाकलाय सविस्तर. तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर तुम्हालाही सांगते: चालू आहे का ते तिथे पोचल्यावर आधी विचारून घ्या, सुट्टे पैसे ठेवा, सकाळी गर्दीच्या आधी श्यामबाजारला चढा आणि डाव्या खिडकीशी बसा. आणि रुळावर कोणी गाडी लावलेली दिसली तर गप्प बसू नका, उतरून बोला.