शेरूचा सूर

माझ्या भाच्याच्या कुत्र्याच्या गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा बांधावा, असा सल्ला गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जवळजवळ एकमताने दिला गेला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

प्रकरण साधे आहे. कर्वेनगरच्या सोसायटीत माझ्या बहिणीच्या खालच्या मजल्यावर एक काकू संध्याकाळी पाच वाजता पेटीचा क्लास घेतात. भाता हलून पहिला षड्ज लागला की शेरू मान वर करतो आणि लांबलचक सूर काढतो. सोसायटीच्या कमिटीने ‘कुत्र्याचा बंदोबस्त करावा’ अशी चिठ्ठी पाठवली. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या भाच्याने दाखवल्या, तेव्हा बंदीचा विषय मागे पडून पट्ट्याचा पुढे आला. एका काकांनी लिहिले की पेटीने त्याचे कान दुखतात, दुसऱ्यांनी लिहिले की कुत्र्याला गाण्यातले काय कळणार, आणि दोघांनीही शेवटी पट्ट्यालाच दुजोरा दिला. कान दुखत असतील तर झटका कशासाठी, हा प्रश्न मी विचारला. त्यावर माझ्या मामेभावाने, ज्याला मी लहानपणापासून दादा म्हणते, उत्तर दिले: “तुमच्याकडे कुत्र्यांना रेडिओ लावतात, आमच्याकडे माणसांना पाणी येत नाही. तिकडे बसून शिकवू नकोस.”

मी ग्लासगोत एकोणीस वर्षे राहते आहे आणि हे वाक्य मला कुठल्या ना कुठल्या विषयावर दरवर्षी ऐकावे लागते. तरीही जे सांगायचे ते सांगणार आहे, कारण इथे हा विषय थट्टेवारी नेत नाहीत. २०१७ साली ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए ही प्राणी कल्याण संस्था यांनी डंबार्टनच्या निवारा केंद्रातल्या कुत्र्यांना पाच प्रकारचे संगीत ऐकवले आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवली. सॉफ्ट रॉक आणि रेगे लागले असताना कुत्री सर्वांत निवांत दिसली, पण प्रत्येकाची आवड वेगळी निघाली. त्याआधी नुसते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावून पाहिले, तेव्हा त्याचा परिणाम काही दिवसांतच ओसरला होता, म्हणजे रोज तेच ते ऐकण्याचा कंटाळा त्यांनाही येतो. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती निराळीच नोंद: संगीत चालू असताना कुत्र्यांचे भुंकणे कमी झाले नाही, मात्र ते बंद केल्यावर वाढले. झटक्याच्या पट्ट्यावर तर वेल्समध्ये २०१० पासूनच बंदी आहे.

आता शेरूकडे वळते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत, त्यामुळे आपल्याला जी पेटी ऐकू येते तीच आणि तेवढीच त्याला ऐकू येते असे धरून चालणे चूक आहे. पण कान दुखणारा कुत्रा कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो, ओठ चाटतो, जांभया देतो आणि जमेल तितका लांब जातो. बहीण सांगते की पाच वाजले की शेरू आतल्या खोलीतून उठून गॅलरीत येतो आणि जाळीला नाक लावून पेटीची वाट बघतो. लांडगे एकत्र हुंकारतात तेव्हा एकाच स्वरावर न राहता प्रत्येक जण आपला वेगळा स्वर धरतो. स्थिर, लांब स्वर ऐकून कुत्र्याने गळा उघडणे ही त्याच जुन्या रीतीची खूण मानली जाते. शेरूला हाक ऐकू येते आणि तो ओ देतो, एवढाच मी त्याचा अर्थ लावते.

आणि हे समजून घ्यायला स्कॉटलंडची गरजही नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा टिपू मियाँ नावाचा कुत्रा सुरात सूर मिसळायचा, ही आठवण आपल्याकडचे संगीतरसिक किती कौतुकाने सांगत आले आहेत! किराणा घराण्याचा एवढा मोठा गवई सुराबाबत तडजोड करणारा नव्हता, आणि त्याने कुत्र्याच्या गळ्याला पट्टा नव्हे तर सूर दिला. ज्या महाराष्ट्राने ही आठवण जपली, तोच आज कमिटीची चिठ्ठी पाठवतो, याचे मला वाईट वाटते. दादा म्हणेल की खाँसाहेबांच्या काळी फ्लॅटच्या भिंती इतक्या पातळ नव्हत्या. माझ्या टेनेमेंटच्या, म्हणजे इथल्या जुन्या बहुमजली इमारतीच्या, भिंतीही काही जाड नाहीत. वरच्या मजल्यावरच्या आजींना माझ्या रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात, आणि आमचा सगळा व्यवहार क्लोजमध्ये, म्हणजे इमारतीच्या सामाईक जिन्यात, भेटल्यावर दोन मिनिटांत मिटतो. शेरूच्या बाबतीत त्या काकूंना प्रत्यक्ष भेटून, क्लासच्या वेळी गॅलरीचे दार लावून घेऊ का, एवढे विचारायला अजून कोणी खाली गेलेले नाही.

माझ्याकडे स्काय नावाची लर्चर, म्हणजे संकरित शिकारी जातीची कुत्री आहे, निवाऱ्यातून आणलेली. पहिल्या हिवाळ्यात पाच नोव्हेंबरच्या, म्हणजे इथल्या फटाक्यांच्या रात्री ती थरथरत बाथटबमध्ये जाऊन बसली, आणि आता त्या आठवड्यात दुपारी तीनपासून पडदे ओढून क्लासिक एफएम लावून ठेवायचे हे ठरून गेले आहे. एरवी मी कामावर जाताना अभंग लावून जाते. तंबोरा सुरू झाला की ती सोफ्यावर तीन वेळा गोल फिरते, नाक शेपटीखाली घालते आणि तिचा वर राहिलेला कान प्रत्येक लांब स्वरावर किंचित हलतो.

हे मी तिच्यासाठी करते असे सर्वांना सांगत आले आहे, पण ते पूर्ण खरे नाही. माझी मुले हेडफोन लावून आपापल्या खोल्यांत असतात, नवरा उशिरा येतो, आणि संध्याकाळी दार उघडल्यावर आतून मराठी शब्द ऐकू यावेत एवढीच माझी इच्छा असते. गणपतीत मात्र माझी पंचाईत होते. ढोल-ताशाचे रेकॉर्डिंग मी एकदाच मोठ्याने लावले आणि स्काय पुन्हा बाथटबमध्ये जाऊन बसली. ताशाची पहिली तर्री ऐकली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि त्याच आवाजाला ती पाच नोव्हेंबरइतकी भिते. तेव्हापासून विसर्जनाची मिरवणूक मी कानात इअरफोन घालून, एकटी, स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते. तिच्यावर रागावता येत नाही, पण त्या दिवशी हे घर माझे आहे असे मनापासून वाटत नाही. दादाला मी हे कधी सांगितलेले नाही.

परवा बहिणीने शेरूचे रेकॉर्डिंग पाठवले. ‘तूच ठरव, हे दुखणं आहे का,’ असे तिने खाली लिहिले होते. रात्री नऊला मी ते लावले. आधी पेटी, मग काकूंचा ‘परत म्हण’, मग कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यावरून वर चढत गेलेला शेरूचा सूर. तीन वर्षांत एकदाही गळा न उघडलेली स्काय सोफ्यावरून उतरली, फोनजवळ येऊन बसली, तिने मान वर केली आणि शेरूपेक्षा जरा खालचा, बारीक थरथरता स्वर धरला. शिट्टी ऐकून माझे डोळे भरून आले होते आणि तिचा हुंकार संपेपर्यंत मी फोनला हात लावला नाही. वरच्या आजींना सकाळी क्लोजमध्ये भेटून सांगायचे ठरवले. ग्रुपवर अजून काही लिहिलेले नाही, बहिणीला मात्र स्कायचे रेकॉर्डिंग पाठवले आहे आणि ते पाच वाजता, पेटी सुरू व्हायच्या आधी, शेरूला ऐकवायला सांगितले आहे.